दारातून परत आलेल्या उशा

४ जानेवारी

जेवते तुझी पोर. दोन्ही वेळा बसून जेवते, ताटात काही टाकत नाही. तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे मला. तू काहीच विचारत नाहीस. मी फोन केला की कापतोस, म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही. टेबलावर पडून राहील, आणि कधी तरी चष्मा शोधताना हाताला लागेल तेव्हा वाचशील.

एक आधी स्पष्ट करते. तुझ्या लेकीला मी फूस लावलेली नाही. ती आली, बॅग उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आत्या, तुझी पुढची खोली रिकामी आहे ना?" मी म्हटलं, "रिकामी कसली? तुझ्या आतोबांची कापूस पिंजायची मशीन आहे तिथे, गाद्यांचं कापड आहे, धूळ आहे." तर म्हणाली, "मग बरंच झालं." आणि झाडू मागितला. मी दिला. यात माझा गुन्हा एवढाच, की घरात झाडू होता.

तू ओळखी लावून, चार जणांना नमस्कार घालून तिला तुझ्या जुन्या ऑफिसात चिकटवलीस, ते मी नाकारत नाही. तिला तिथे करमलं नाही. त्यावर तू म्हणालास, "एवढं शिकवलं ते उशा विकायला? चार लोकांत मी काय तोंड दाखवू?" अरे, तोंड आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार?

तर ती उशा विकते. नेटवर. माणसं फोनमध्ये फोटो बघून उशी मागवतात. मला आधी हसूच आलं. उशी डोक्याखाली घेतल्याशिवाय कळते का कुणाला? तुझे भाऊजी गिऱ्हाइकाला दुकानात आडवं करायचे आणि मग भाव सांगायचे. पण मागवतात लोक. पुष्कळ मागवतात. विक्रीचं दुखणं नाहीच आहे. दुखणं आहे ते परत येण्याचं. पसंत पडली नाही की लोक परत पाठवतात, आणि परत आणायचं भाडंही आपल्याच माथी. ते कळल्यावर माझं हसणं थांबलं.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

आक्का


१९ जानेवारी

पत्र परत आलं. पाकिटावर चिठ्ठी डकवलेली, "घेण्यास नकार". शाब्बास. मी ते पोरीच्या पार्सलांबरोबर कुरिअरवाल्याच्या हाती दिलं होतं, पोस्टात कोण जाऊन उभं राहील म्हणून. तू पाठवणाऱ्यात तिच्या दुकानाचं नाव बघितलंस आणि दार लावलंस. म्हणजे त्याचंही जाण्यायेण्याचं भाडं तुझ्या लेकीनेच भरलं. आता हे पत्र आणि ते पत्र एकाच पाकिटात घालून साध्या पोस्टाने पाठवते. अक्षर माझं आहे, पोस्टमन तुझ्या ओळखीचा आहे, त्याच्यासमोर नाटक करायची तुला लाज वाटेल.

तुला हिशेबातलं कळतं, म्हणून सांगते इथलं काय ते. कुरिअरवाला वजन बघत नाही. खोका किती जागा अडवतो ते बघतो. उशी म्हणजे काय? हवा. आपण हवेचं भाडं भरतो. म्हणून पोरीने हवा ओढून घ्यायची मशीन आणली. उशी पिशवीत घालायची, नळी लावायची, की ती अशी चपटी होते, जणू घडी केलेली चटई. चिमुकल्या खोक्यात जाते. पण गिऱ्हाइकाने पिशवी कापली की ती फुगते. ती त्याला नको झाली, तर तो ती पुन्हा चपटी करणार कशी? पोत्यात कोंबून पाठवतो. जाताना चटई, येताना हत्ती. येण्याचं भाडं जाण्याच्या दुप्पट. आणि आल्यावर ती विकता येत नाही, कारण कुणाचं तरी डोकं तिच्यावर आठवडाभर राहिलेलं असतं. त्या उशा मी गच्चीत टाकते, उन्हात. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे पाहुणे फार येतात का हो?

मी उपाय सुचवला. आतोबांच्या दुकानात पाटी होती तशी पाटी लाव, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पोरगी म्हणाली, "आत्या, तशी पाटी लावली तर विकलेलाच माल राहणार नाही." पण मला पटलं नाही अजून.

मग मी दुसरं केलं. परत पाठवायचं म्हणून जी माणसं कळवतात, त्यांना फोन करायला लागले. तिला न विचारता. एका बाईला म्हटलं, "काय झालं उशीला?" ती म्हणाली, "फार उंच आहे, मान दुखते." मी म्हटलं, "मान उशीने दुखत नाही, रात्री फोन बघत पडल्याने दुखते." तिने दुकानाला एकच चांदणी दिली. नेटवर असतं तसं, पाचातल्या चांदण्या. खाली लिहिलं, "उशी बरी आहे, पण एक म्हातारी फोन करून ओरडते." आता मला फोनला हात लावायची बंदी आहे.

तर तुझी लेक माझ्यावर ओरडू शकते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझ्यासारखाच आवाज चढतो.

आक्का


८ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही, पण पत्रही परत आलं नाही. मी याला पोच समजते.

पोरीने उशीला चेन बसवली. मी म्हटलं, "उशीला चेन? पर्स आहे का ती?" तिने ऐकलं नाही. बाजूला चेन, आत मोकळा कापूस, तोही खरा कापूस नाही, मऊ धाग्याचा पुंजका असतो. उंच वाटली तर चेन उघडा, मूठभर काढा. चपटी वाटली तर सोबत दिलेल्या पिशवीतला भरा. शिलाईवाली बाई दोन दिवस कुरकुरली, चेन लावायला वेळ जातो म्हणून. पण मानेची तक्रार करून परत पाठवणारे एकदम कमी झाले. माणसाला आपल्या हाताने काही काढता-घालता आलं की तो रागवत नाही, असं दिसतं. मी हे मान्य केलं, पण तिच्यासमोर नाही. शिलाईवालीसमोर केलं.

आणखी एक तिने केलं ते मला अजून झेपत नाही. वापरलेली उशी कुणी परत करतो म्हणाला, तर ती फोटो मागवते, पैसे परत करते आणि म्हणते, "उशी तुमच्याकडेच ठेवा." फुकट! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग तिने मला समोर बसवून दाखवलं, की परत आणायचा खर्च उशीच्या किमतीहून जास्त पडतो, आणि आणून करणार काय, गच्चीत वाळवणार. आता मला आकडा कळतो. मन मात्र मानत नाही. एक जण दोनदा असं करून गेला, त्याचं नाव तिने कायमचं कापलं. बरं केलं.

तुला हे सगळं का सांगते? कारण ती पोर डोकं चालवते आहे, आणि ते तू बघावंस. तिची आई असती तर आली असती एव्हाना, बस पकडून.

ती उशिरापर्यंत काम करते आणि हळू आवाजात गाणी लावते. मला त्रास नाही. इतकी वर्षं घरात घड्याळाचीच टिकटिक होती. आता गाणी. सवय होते.

आक्का


११ मार्च

आता मी रागाने लिहिते आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

चेनमुळे एक भोक बुजलं, तर दुसरं पडलं. "माल आल्यावर पैसे" म्हणून एक सोय असते. गिऱ्हाईक मागवतो, माल दारात आला की पैसे देतो. आता काय व्हायला लागलं आहे? माणसं मागवतात, कुरिअरवाला दारात जातो, आणि ते म्हणतात, नको. उघडतसुद्धा नाहीत. पार्सल तसंच परत. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचं आपलं, आणि मिळालं शून्य.

वर आणखी. चपटी केलेली उशी फार दिवस तशीच राहिली की मरते. पिशवी कापली तरी फुगत नाही, गाठी होतात. इथून तिथे, तिथे पडून, पुन्हा इथे, एवढ्यात ती मेलेलीच असते. मी काठीने झोडपते, उन्हात टाकते, पण काही उशा उठतच नाहीत. पोरगी पिशवी कापते आणि उभी राहून बघत बसते, फुगते का, फुगते का. मला ते बघवत नाही. मी आत जाऊन भांडी घासते. घासलेली असली तरी.

काल मी परत आलेली पार्सलं भिंतीला लावत होते. चष्मा लावलेला होता. आणि दिसलं, की दारातून परत आलेली बहुतेक पार्सलं एकाच गावची. तुमच्या. पिन कोड तोच. एक तर तुझ्या मागच्या गल्लीतला पत्ता. एक पतपेढीच्या वरचा. अरे, तुझ्या ओळखीच्याच माणसांचे पत्ते!

तिने ते आधीच पाहिलं होतं. मला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "अनोळखी माणसं घेतात, आत्या. आपल्या गावची माणसं मागवतात आणि दारातून घालवून देतात. बाबांनी बघायला लावलं असेल, पोरीची कशी जिरते ते." मी म्हटलं, "तुझा बाप हट्टी आहे, पण असा नाही." असं मी म्हटलं. आता मला माहीत नाही.

तर तूच सांग. तूच माणसं लावलीस का? तुला आडवं यायचं असेल तर समोर ये, दुसऱ्याच्या दारामागे लपू नकोस. ती आता म्हणते, उन्हाळा संपेपर्यंत असंच चाललं तर खोली सोडते. शेजारच्या औषधवाल्याला गोदामाला जागा हवीच आहे, तो केव्हापासून मागे लागला आहे. आणि तिच्या मैत्रिणीने परदेशात नोकरी बघून ठेवली आहे. तुझ्याकडे परत येईल अशी आशा धरून हे केलं असशील, तर विसर. ती तुझ्याकडे येणार नाही. ती विमानात बसणार.

मला काय. मी एकटी राहिलेली बाई आहे. औषधवाला भाडं वेळेवर देतो म्हणे.

आक्का


१६ मार्च

मागचं पत्र फाडून टाक. मिळालं नसेल तर मिळाल्यावर फाड.

झालं असं. पोरगी कापड आणायला गेली होती. मी बंदी मोडली आणि फोन फिरवला. परत आलेल्या एका पार्सलावर नंबर होता, त्यावर. पलीकडून बाप्या बोलला, सावकाश, शब्द मोजून. मी म्हटलं, "उशीच्या दुकानातून बोलते. तुम्ही पार्सल का घेतलं नाही?"

"त्याचं असं आहे बाई," तो म्हणाला, "आम्हाला उशी नकोच होती."

"मग मागवली कशाला?"

"साहेबांनी सांगितलं."

"कोण साहेब?"

"आमचे साहेब हो. मी त्यांच्या हाताखाली कॅशियर होतो. आता सकाळी बागेत फिरायला एकत्र असतो. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, मागवा. प्रत्येकाने मागवा. आता साहेबांना नाही कसं म्हणायचं? बाकावर बसल्या बसल्या सगळ्यांनी मागवली. नातवाकडून करून घेतलं काहींनी."

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग काय? आली. बायको म्हणाली, आहेत त्या उशा कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? पैसे तर दिलेले नव्हते. परत पाठवून दिली. नुकसान कुणाचंच नाही."

कुणाचंच नाही! मी जीभ चावली. म्हटलं, "साहेबांना सांगितलंत, परत पाठवली म्हणून?"

"छे छे! साहेब रोज विचारतात. आम्ही सांगतो, फार छान झोप लागते."

"सगळेच असं सांगतात?"

"एकाने तर सांगितलं, त्याची घोरायची सवय गेली." आणि हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काय आहे, साहेब फार मनापासून बोलतात त्या उशीबद्दल. बाकावर उभं राहून बोलले एकदा. म्हणाले, माझी मुलगी बनवते, अशी उशी कुणी बनवत नाही. तुम्ही त्यांना सांगू नका हं."

मी कोण ते सांगितलं नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या परत आलेल्या खोक्यांवरच बसून राहिले. चांगली बसायला होतात.

अरे गाढवा. ऑफिसात सही ठोकून हुकूम सोडायचास, तीच सवय. माणसं नाही म्हणू शकत नाहीत, हे तुझ्या लक्षात कधी आलंच नाही. त्यांनी तुला हो म्हटलं आणि दारात नाही म्हटलं. तुझ्या एकेका हुकमामागे तुझ्या लेकीचं जाण्यायेण्याचं भाडं गेलं, आणि वर एकेक उशी मेली. तू तिला हातभार लावत होतास, आणि तोच हात तिच्या गळ्याशी होता.

आणि एक फोन करायला नाही जमलं तुला? बागेतल्या बाकावर चढता येतं, फोन उचलता येत नाही?

आता एकही ऑर्डर करायला सांगू नकोस कुणाला. एकही.

आक्का


२८ मार्च

तुझं पत्र आलं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच, शेवटी रेघ ओढून खाली सही. मला सही कशाला पाठवतोस रे?

तू लिहिलंस, सगळ्यांना बोलवून घेतो आणि प्रत्येकाकडून उशी घ्यायला लावतो. नको. पुन्हा तेच होईल, यावेळी आणखी लांब तोंड करून. तू लिहिलंस, मी बागेत जाणं बंद केलं. ते कशाला? जा. पाय आखडतील. माणसांनी तुला फसवलं नाही, तुझा मान ठेवला. मान ठेवायची त्यांची रीत महाग पडली, एवढंच.

आणि शेवटी लिहिलंस, तिला सांगू नकोस.

हे मला जमणार नाही, आणि का ते सांगते. पोरीने तुमच्या गावाचा पिन कोड काढून टाकला. म्हणजे त्या गावाला आता आधी पैसे भरल्याशिवाय माल जात नाही. बरोबर केलं तिने, दारातून परत येणं लगेच थांबलं. पण तिच्या मनातून गेलं नाही. ती आता गाणी लावत नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "आत्या, आकडे सुधारतील ग. पण जिथे मी लहानाची मोठी झाले तिथे एकाही माणसाला माझ्या हातची उशी नको आहे, हे कळून मी इथे कशाला बसू?" आणि औषधवाल्याला निरोप पाठवला, येऊन खोली बघून जा म्हणून.

तुझी अब्रू राखायला मी गप्प बसायचं, आणि तिने हे उराशी घेऊन विमानात बसायचं, असं म्हणतोस? मग तू माझा भाऊ असलास तरी नाही.

तुला लाज वाटते, ते कळतं मला. तिने तुला हसावं अशी भीती वाटते. हसली तर हसू दे. बापावर हसलेली पोर घरात असते. बापावर रुसलेली कुठे जाईल सांगता येत नाही.

मी सांगणार आहे. तुला आधी कळवते आहे, पाठीमागून केलं असं म्हणायला नको.

आक्का


९ एप्रिल

सांगितलं.

औषधवाला खोलीत उभा होता, हातात टेप. भिंत मोजत होता आणि शिलाईवालीला म्हणत होता, "ही मशीन हलेल ना?" शिलाईवाली तोंड फिरवून चेन लावत बसली होती. तुझी लेक हवा ओढायच्या मशीनपाशी, उशी पिशवीत घालून. मी म्हटलं, "टेप गुंडाळा, आम्हाला घरचं बोलायचं आहे." तो म्हणाला, "मी बाहेर थांबतो." मी म्हटलं, "थांबू नका, जा. निरोप पाठवीन."

मग सगळं सांगितलं. कॅशियर, बाग, बाक. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. घोरायची सवय गेली तेही. बाकावर चढलास तेही. "माझी मुलगी बनवते, अशी उशी कुणी बनवत नाही," तेही, दोनदा. पहिल्यांदा मशीनचा आवाज होता, तिला ऐकू गेलं नसेल म्हणून.

मशीन चालूच होती. पिशवीतली उशी पार कागदासारखी झाली तरी तिने बटण दाबलं नाही. शेवटी शिलाईवालीनेच उठून बंद केली.

पोरगी म्हणाली, "सगळ्यांना सांगितलं त्यांनी? बागेत? सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "हो. तोंड दाखवायला जागा नव्हती ना त्याला? तिथेच दाखवलं."

मग ती खाली बसली. खोक्यांवर नाही, जमिनीवर. आणि तिने मला एक विचारलं, आणि मी उत्तर दिल्यावर एक म्हणाली. मग उठली, तोंड धुतलं, आणि तीच कागदासारखी उशी पिशवीतून काढून हाताने फुलवायला लागली.

आता तुझ्या पत्रातलं. पाच प्रश्न लिहून पाठवलेस, एक ते पाच आकडे घालून, ऑफिसात पाठवायचास तसे. घे उत्तरं.

खोली ठेवली का? ठेवली. औषधवाल्याला मीच जाऊन नाही म्हणून आले. त्याने मला खोकल्याची बाटली दिली, कशाला कुणास ठाऊक.

परदेशी नोकरीचं काय? मैत्रिणीला कळवलं, यंदा नाही. पुढचं पुढे. मी त्यात पडत नाही.

परत येणारा माल कमी झाला का? दारातून परत येणारा जवळजवळ थांबला. बाकीचा चेनमुळे आवाक्यात आहे. अजून कुणीतरी मधूनच उशी पोत्यात कोंबून पाठवतोच. माणसं आहेत, चालायचंच. तुमच्या गावाला अजूनही आधी पैसे भरल्याशिवाय माल मिळत नाही, आणि तो नियम ती बदलणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. मी विचारलं होतं.

चौथा प्रश्न, मी बरी आहे का? बरी आहे. गाणी पुन्हा सुरू झाली. आवाज जरा कमी कर म्हणून सांगायचं आहे, सांगत नाही.

पाचवा, तुझ्याच शब्दांत. "ती माझ्याबद्दल काय म्हणाली?"

हे मी सांगणार नाही. इतके दिवस मी तुझा निरोप तिकडून इकडे आणि तिचा इकडून तिकडे वाहिला, आणि दोघांनीही भाडं माझ्याकडूनच काढलं. आता पुरे. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. ती संध्याकाळी मोकळी असते. तुला हवं ते तिच्या तोंडून ऐक, चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. मला पुन्हा पत्र पाठवून विचारलंस तरी उत्तर मिळणार नाही. शिलाईवालीला विचारलंस तर तीही सांगणार नाही, तिला मी शपथ घातली आहे.

नाही म्हणजे नाही. एक शब्द नाही.

आक्का